दुधाच्या आकड्यात गाय किती, गोठा किती?

जनावरांच्या बाजारात गायीची ओळख लिटरने होते. 'बारा लिटरची', 'वीस लिटरची' म्हटलं की बोलणी सुरू होतात. घेणाऱ्याला उद्यापासून दूध हवं असतं, त्यामुळे तिथे हा आकडा पुरतो. पण त्याच गायीची कालवड घरी ठेवायची का, तिचा गोऱ्हा वळू म्हणून वाढवायचा का, असा प्रश्न आला की तोच आकडा दगा देतो. वीस लिटरमध्ये मुरघास असतो, सरकी पेंड असते, मालकाची मेहनत असते, वेळेवर झालेलं लसीकरण असतं. यातलं काहीही वासरात उतरत नाही. वासरात उतरतो तो फक्त गायीचा अनुवंश, आणि बादलीकडे बघून तो वेगळा दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा घोटाळा ठळकपणे दिसतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; सिन्नर-येवल्याकडे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यात एक-दोन जनावरांचे गोठे, भाताचा पेंढा आणि रानातली चराई. पूर्वेकडे संकरित गायींचे मुक्त गोठे, मक्याचा मुरघास, दूध काढायचं यंत्र. एकाच वळूच्या रेतनाच्या कांड्या दोन्हीकडे पोचतात. त्याच्या लेकी एकीकडे दुप्पट दूध देतात, दुसरीकडे निम्मं. मग तो वळू चांगला की वाईट?

याचं उत्तर द्यायचं तर गायीच्या नोंदीतून गोठा, हंगाम, वय, वेत या सगळ्यांचा वाटा काढून टाकावा लागतो. असं करून जो आकडा उरतो त्याला पशुपैदाशीच्या शास्त्रात 'अ‍ॅडजस्टेड फीनोटाइप' म्हणतात. आपण समायोजित नोंद म्हणू. बाजारात कांद्याची गोणी तोलल्यावर बारदानाचं वजन वजा होतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की बारदानाचं वजन आधीपासून ठाऊक असतं. इथे मात्र कोणत्या गोठ्याचं 'बारदान' किती, हे कुणीच सांगू शकत नाही. ते हजारो गायींच्या नोंदी एकत्र मांडून त्यांच्यातूनच शोधून काढावं लागतं. संगणकाची खरी गरज इथे लागते.

आधी हाताने करून बघू. समजा, सिन्नर तालुक्यातल्या एका मुक्त गोठ्यात एका गायीने तिसऱ्या वेताला ३०५ दिवसांत ४,२०० लिटर दूध दिलं. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या गायीने पहिल्या वेताला, तेवढ्याच दिवसांत, २,३०० लिटर दिलं. ३०५ दिवस हे जगभर मान्य असलेलं माप आहे. वर्षाला एक वेत आणि मध्ये दोन महिने आटवण, असा त्यामागचा हिशेब. आता सिन्नरच्या त्या गोठ्यात त्याच वर्षी, त्याच हंगामात व्यायलेल्या इतर गायींची सरासरी निघाली ४,४०० लिटर. पेठच्या त्या पाड्यावर ती निघाली २,००० लिटर. दोन्ही सरासऱ्या तिसऱ्या वेताच्या मापाने काढल्या आहेत असं धरू. पहिलारू गाय तिसऱ्या वेतापेक्षा, समजा, ३०० लिटर कमी देते. मग पेठच्या गायीचे २,३०० अधिक ३०० म्हणजे २,६००. तिथल्या सरासरीपेक्षा ६०० लिटर जास्त. सिन्नरची गाय आपल्या सोबतिणींपेक्षा २०० लिटर कमी. बादलीत जवळजवळ दुपटीने पुढे असलेली गाय या हिशेबात मागे पडली.

हा हिशेब बरोबर दिसतो, पण त्यात एक मोठं छिद्र आहे. सिन्नरच्या मालकाने दहा वर्षं निवडक वळूंचंच रेतन वापरलं असेल, तर त्याच्या गोठ्यातल्या सगळ्याच गायी अनुवंशाने सरस असणार. मग ४,४०० ची सरासरी नुसत्या चाऱ्याची नाही, गायींचीही आहे. ती पूर्ण वजा केली तर चांगल्या सोबतिणींमध्ये राहिल्याबद्दल त्या गायीला शिक्षा होते. गोठ्याचा वाटा काढायला गायींचे गुण माहीत हवेत आणि गायींचे गुण काढायला गोठ्याचा वाटा माहीत हवा. एकातून दुसरं काढता येत नाही. दोन्ही एकाच वेळी सोडवावं लागतं.

ही कोंडी फोडली चार्ल्स हेंडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. आयोवामध्ये शेतकऱ्यांच्या मुलखात वाढलेला, पुढे कॉर्नेल विद्यापीठात शिकवणारा हा माणूस. १९४९-५० च्या सुमारास त्याने एक समीकरणसंच मांडला. त्यात प्रत्येक नोंद अशी लिहायची: दूध बरोबर गोठा-वर्ष-हंगामाचा वाटा, अधिक वेताचा वाटा, अधिक गायीचा अनुवंश, अधिक जे कशातच बसत नाही ते. अशा हजारो ओळी. गायीच्या अनुवंशाबद्दल मात्र समीकरणाला दोन गोष्टी आधीच सांगायच्या. एक, कोण कुणाची लेक आणि कोण कुणाची सावत्र बहीण. कारण वासराला निम्मा अनुवंश बापाकडून आणि निम्मा आईकडून येतो. दोन, दुधातल्या फरकांपैकी साधारण किती वाटा अनुवंशाचा असतो. दुधाच्या बाबतीत तो बहुधा पाव ते तिसरा हिस्सा धरला जातो. एवढं दिलं की समीकरणं गोठा आणि गाय यांना एकदमच वेगळं करतात. एकाच वळूच्या दोन लेकी, एक सिन्नरला आणि एक पेठला, या दोन गोठ्यांना जोडणारा धागा होतात. असे धागे पुरेसे असले की कोणत्या गोठ्याची सरासरी चाऱ्यामुळे उंच आहे आणि कोणत्या गोठ्याची जनावरांमुळे, हे कळायला लागतं.

या पद्धतीला 'ब्लप' म्हणतात. कागदावर ती तयार होती, पण चालवायला यंत्र नव्हतं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या रेतनाच्या वळूंचं मूल्यमापन या पद्धतीने झालं ते १९७० मध्ये. नात्यांचा प्रचंड तक्ता उलटा करण्याची सोपी रीत हेंडरसनने १९७६ मध्ये दिली आणि त्यानंतर लाखो जनावरांची समीकरणं आवाक्यात आली. एका माणसाच्या कल्पनेला यंत्राने गाठायला पाव शतक लागलं, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

ब्लपमधून प्रत्येक जनावराचं पैदासमूल्य, म्हणजे त्याच्या अनुवंशाचा अंदाज, निघतं. मग समायोजित नोंद वेगळी कशाला हवी, असा प्रश्न साहजिक आहे. पैदासमूल्यात गायीची स्वतःची नोंद असते, शिवाय आईची, बहिणींची, लेकींचीही माहिती मिसळलेली असते. आणि माहिती जितकी तोकडी तितकं ते सरासरीकडे ओढलेलं असतं. निवड करायला हे उत्तम. पण आपला अंदाज खरा ठरला का हे तपासायचं असेल, किंवा डीएनएच्या खुणांचा आणि दुधाचा संबंध शोधायचा असेल, तर अशी मिसळलेली गोष्ट चालत नाही. तिथे गायीने स्वतः काय दाखवलं तेवढंच हवं, फक्त गोठा-हंगाम-वेत काढून. समायोजित नोंद ती हीच. तिच्यात गायीचा अनुवंश आणि न उलगडलेलं उरलंसुरलं, एवढंच राहतं. म्हणजे ती पैदासमूल्यापेक्षा ओबडधोबड, पण गायीची स्वतःची.

वळूची अडचण आणखी वेगळी, कारण वळू दूधच देत नाही. त्याच्यासाठी त्याच्या लेकींच्या समायोजित नोंदींची सरासरी काढतात, आणि ती काढताना प्रत्येक लेकीच्या आईचा वाटाही वजा करतात. नाहीतर चांगल्या गायींना वापरलेला वळू फुकटात मोठा ठरेल. ही रीत अमेरिकेच्या कृषिखात्यातल्या पॉल व्हॅनरेडन आणि जॉर्ज विगन्स यांनी १९९१ मध्ये नीट मांडली. २००९ पासून अमेरिकेत डीएनएच्या चाचणीवरून वळू निवडायला अधिकृत सुरुवात झाली, तेव्हा याच प्रकारच्या आकड्यांवर ती पद्धत शिकवली गेली.

हे करणारी संगणकप्रणाली जगात अनेक ठिकाणी आहे. ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलची 'वॉम्बॅट', फिनलंडची 'मिक्स९९', डेन्मार्कची 'डीएमयू'. पण संशोधकांच्या हातात सर्रास दिसते ती जॉर्जिया विद्यापीठातल्या इग्नात्सी मिश्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ९० या भाषेत लिहिलेली 'ब्लपएफ९०' मालिका. तिच्यात एकच मोठा प्रोग्राम नाही, एकमेकांच्या हातात काम देणारे छोटे छोटे प्रोग्राम आहेत. 'रेनमएफ९०' जनावरांना क्रमांक लावतो आणि वंशावळ नीट करतो. 'ब्लपएफ९०' समीकरणं सोडवून उत्तरांची फाइल लिहितो. मग 'प्रेडिक्टएफ९०' ती उत्तरं आणि मूळ नोंदी परत शेजारी ठेवतो आणि प्रत्येक गायीच्या दुधातून नको ते वाटे वजा करतो. कोणता वाटा शिल्लक ठेवायचा, हे एका ओळीच्या पर्यायाने सांगता येतं. अनुवंश ठेवा म्हटलं की बाकीचं जातं.

जवळून पाहिलं तर या प्रोग्रामांना लागणारी फाइल अगदी साधी असते. एका गायीची एक ओळ. त्यात गायीचा क्रमांक, ती कोणत्या गोठा-वर्ष-हंगाम गटातली तो क्रमांक, कितवं वेत, आणि दूध. मध्ये नुसत्या मोकळ्या जागा. ना शीर्षक, ना रंग, ना रेघा. सोबतच्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचं की दूध चौथ्या रकान्यात आहे, गट दुसऱ्यात, वेत तिसऱ्यात. रकान्याचा एक आकडा चुकला तर प्रोग्राम वेताच्या जागी दूध वाचेल आणि कुरकुर न करता उत्तर देईल. या मालिकेची आणखी एक खोड आहे: वेगळं सांगितलं नाही तर ० म्हणजे 'नोंद नाही' असंच ती धरते. दुधाच्या बाबतीत हे सोयीचं. पण एखाद्या गुणाचं खरं मोजमापच शून्य असेल, उदाहरणार्थ, वेतात कासदाह एकदाही झाला नाही म्हणून शून्य, तर सगळ्या निरोगी गायी हिशेबातून गायब होतात आणि फक्त आजारी गायी उरतात. अशा वेळी नोंद नसल्याची खूण म्हणून दुसराच आकडा, जसं की उणे ९९९, ठरवून द्यावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो महिनोन्महिने चुकीच्या उत्तरावर काम करू शकतो.

यंत्र जे वजा करायचं ते सांगितल्यावरच करतं, आणि काय सांगायचं ते जनावर ओळखणाऱ्यालाच कळतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. तिथे चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढीतला जुळी कोकरं देणारा 'फेकबी' जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. आता मेंढपाळाच्या वाड्यात काय होईल ते बघा. एकट्याने जन्मलेलं कोकरू आईचं सगळं दूध पितं आणि तीन महिन्यांत दणकट होतं. जुळ्यातलं बारीक राहतं. नुसत्या वजनावर नर निवडला तर जुळ्यातला नर दरवेळी बाद होणार, म्हणजे ज्या जनुकासाठी सगळा खटाटोप केला तोच हळूहळू बाहेर फेकला जाणार. वजनातून एकुलतं-जुळं, नर-मादी आणि आईचं वय यांचा वाटा काढला की निवड सरळ होते. असं काहीतरी आहे आणि ते वजा केलं पाहिजे, हे संगणकाला आपोआप कळत नाही. जन्माच्या दिवशी कुणीतरी वहीत 'जुळं' असा शब्द लिहिलेला असावा लागतो.

नाशिकच्या बाबतीत खरी अडचण गोठ्याच्या आकाराची आहे. गोठा-वर्ष-हंगामाच्या गटात गाय एकच असेल, तर त्या गायीचं दूध म्हणजेच त्या गटाची सरासरी. वजा करा, शून्य उरतं. तिच्याबद्दल काहीच कळत नाही. सुरगाण्याच्या पाड्यांवर, किंवा खरं तर महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत, घरटी एक-दोन गायी असतात. हॉलंड-अमेरिकेच्या शेकडो गायींच्या गोठ्यांसाठी घडवलेली मांडणी इथे जशीच्या तशी लावली तर सगळं काम पाण्यात. म्हणून इथे शेजारच्या गावांचा मिळून गट करतात, किंवा प्रत्येक घराचा वाटा पूर्ण वजा न करता थोडा सरासरीकडे ओढून धरतात. दोन्हींत तडजोड आहे, पण ती डोळे उघडे ठेवून केलेली आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभी केलेली बाएफ ही संस्था गावोगाव दारात रेतन पोचवते. तिने गोळा केलेल्या, लहान गोठ्यांतल्या संकरित गायींच्या नोंदींवर २०२१ मध्ये एक संशोधन निबंध प्रसिद्ध झाला. वंशावळ लिहिलेली नसली तरी डीएनएवरून नाती ओळखून अशा विखुरलेल्या गायींचंही मूल्यमापन करता येतं, या दिशेने ते काम जातं. आपल्याकडच्या गोठ्यांसाठी मला हीच वाट सर्वांत आशेची वाटते.

त्यासाठीचं साधनही आता आलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचं लोकार्पण झालं. भारतीय जातींमधले फरक लक्षात घेऊन तयार केलेल्या या चिपवर जनावराच्या हजारो डीएनए-खुणा एकदम वाचता येतात. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याने जनावराची ओळख पटते. ओळख आणि डीएनए या दोन बाजू अशा भरून येत आहेत. पण चिप काही सांगते ती दुधाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच. नोंदी नसतील तर त्या हजारो खुणा म्हणजे न वाचता येणारी लिपी.

इथे डांगी गायीचा विषय टाळता येत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पलीकडे अकोले या सह्याद्रीच्या पट्ट्यातलं हे जनावर. काळे, कठीण खूर. कातडीतून पाझरणारा तेलकट अंश, त्यामुळे धो धो पावसात भातखाचरात दिवसभर उभं राहिलं तरी त्याला बाधत नाही. दूध बेताचंच. राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात वळू निवडले जातात ते नजरेने: बांधा, रंग, चाल, शिंगं. पारखी नजरेला मी कमी लेखत नाही, पिढ्यान्‌पिढ्या ही जात तिनेच टिकवली. पण बक्षिसाचा खोंड बहुतेक वेळा खाऊन-पिऊन सुखी घरातला असतो, आणि गरिबाच्या दारातला तितकाच गुणी खोंड हाडं दिसतात म्हणून मागे राहतो. नजरेला घराचं खाणं वजा करता येत नाही. शिवाय डांगीचा जो खरा गुण, पावसात टिकून काम करणं, त्याचं मोजमाप असलेली ओळ कुठल्याही फाइलमध्ये नाही. गावचा वळू मोकळा फिरतो, त्यामुळे बाप कोण हेही बऱ्याचदा माहीत नसतं. जगातला सर्वांत चांगला प्रोग्राम इथे आणून ठेवला तरी त्याला खायला काही नाही. डांगीसाठी दुधाच्या जोडीने रोगाला दाद न देणं, दोन वेतांमधलं अंतर, पावसाळ्यात वजन किती उतरतं, अशा गोष्टी मोजायला हव्यात. नाहीतर दुधाच्या एकाच आकड्यावर निवड होत राहील आणि डांगीचं डांगीपण निघून जाईल.

संकरित गायींकडेही नोंदींचा दुष्काळ आहेच, तो फक्त झाकलेला आहे. दूध संकलन केंद्राची पावती रोज मिळते, तिच्यावर फॅट असतं, लिटर असतात, रुपये असतात. पण ते दूध सगळ्या गोठ्याचं एकत्र असतं. कोणत्या गायीने किती दिलं हे त्या पावतीवरून कधीच कळणार नाही. वासराने प्यायलेलं, घरी ठेवलेलं दूध तर तिच्यात येतच नाही.

म्हणून गाय-म्हैस पाळणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. शंभर पानी वही घ्या आणि दर जनावराला दोन पानं द्या. वर बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहा. व्यायल्याची तारीख, कितवं वेत, आणि रेतन झालं तेव्हा कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक तिथल्या तिथे उतरवून घ्या. कांडी फेकून दिली की तो क्रमांक परत मिळत नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस धरा आणि त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गायीचं दूध वेगळं मोजून लिहा. नोंदी घ्यायला येणाऱ्या पशुवैद्यकाला किंवा सेवादात्याला ही वही दाखवा आणि ते आकडे शासनाच्या नोंदप्रणालीत चढले का ते विचारा. आणि एखाद्या महिन्यात मोजायचं राहून गेलं, तर तो रकाना कोराच ठेवा. अंदाजाने आकडा भरू नका.